अचानक टोकियो

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब टेबलापाशी येऊन विचारतात, "पासपोर्ट आहे ना तुमचा?" टोकियोला जाणाऱ्या सहकाऱ्याचा पाय मोडलाय, तिकडची बैठक पुढे ढकलता येत नाही, तेव्हा आता जायचंय तुम्हाला. दोन-अडीच आठवड्यांनी सोमवारी सकाळी नऊला बैठक, तीन-चार रात्रींचा मुक्काम. चाकण, रांजणगाव, सुपे इथल्या कारखान्यांचा जपानी कंपन्यांशी नेहमीचा व्यवहार असल्याने असं बोलावणं आता फारसं नवलाचं राहिलेलं नाही. नवल एवढंच, की अशा वेळी बहुतेकांची धावपळ भलत्याच दिशेला होते. नवी बॅग येते, लोकरी कपडे येतात, टोकियोतल्या प्रेक्षणीय स्थळांचे व्हिडिओ रात्री जागून पाहिले जातात, आणि ज्या कागदावर सगळं अडणार आहे तो मागवणारी मेल मात्र सोमवार उजाडला तरी गेलेली नसते.

इतक्या थोड्या वेळात शहर समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. टोकियोत जवळजवळ प्रत्येक वळणावर 'कोनबिनी' म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान सापडतं. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही त्यातली मोठी नावं. छत्री, मोजे, चार्जिंगची वायर, दाढीचं सामान, बऱ्याच ठिकाणी बनियन आणि पांढरा शर्टसुद्धा रात्री दोन वाजता विकत मिळतो. जे तिथे मिळतं त्याची चिंता इथे करायची नाही, हा या प्रवासाचा पहिला नियम. तिथे मिळत नाही अशा गोष्टींची यादी अगदी आटोपशीर आहे: व्हिसा, तुमची औषधं, तुम्ही शाकाहारी असाल तर तुमच्या पोटाची सोय, ओटीपी येणारा फोन, आणि विमानतळापासून खोलीपर्यंतचा पाठ केलेला रस्ता. हाताशी असलेले दिवस या पाच गोष्टींवर खर्च करा.

व्हिसापासून सुरुवात करू. पासपोर्ट उघडून मुदत पाहा. सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर तत्काल नूतनीकरणाच्या मागे लागा. व्हिसाचा शिक्का बसायला कोरी पानं आहेत का तेही बघा. पासपोर्ट ठीक असेल तर त्याच दुपारी पहिली मेल ट्रॅव्हल एजंटला न करता टोकियोच्या कंपनीला करायची. कामासाठी जाणाऱ्याला अल्प मुदतीचा व्यावसायिक व्हिसा लागतो आणि त्यासाठी बोलावणाऱ्या कंपनीचं निमंत्रणपत्र लागतं. तुम्ही कोण, कशासाठी येताय, कोणत्या दिवशी कुठे असाल, खर्च कोण करणार, हे त्यांनी लिहून द्यायचं असतं. जपानी कंपनीत असं पत्र एका माणसाच्या सहीने निघत नाही, ते चार टेबलांवरून फिरून येतं. घाई करा म्हणून चालत नाही. म्हणून तुमच्या बाजूची सगळी माहिती (पासपोर्टवर आहे तस्सं नाव, जन्मतारीख, हुद्दा, विमानाच्या संभाव्य तारखा) पहिल्याच मेलमध्ये द्या, म्हणजे त्यांना उलट प्रश्न विचारायची वेळ येणार नाही. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रात द्यायचा आणि निर्णय जपानच्या वकिलातीने घ्यायचा, अशी पद्धत आहे. तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो. 'पर्यटक म्हणून जा, कोण विचारतंय' असा सल्ला देणारा एक तरी भेटतोच. त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट रद्द करता येईल असंच काढायचं. ते काढताना किमतीच्या आधी दोन गोष्टी बघायच्या: उतरण्याची वेळ आणि विमानतळ. टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहराला खेटून, खाडीच्या काठावर. नारिता शेजारच्या चिबा प्रांतात, शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर. हानेदाहून मोनोरेल किंवा केइक्यू रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात शहरात पोहोचता येतं. नारिताहून स्कायलायनर गाडी निप्पोरी आणि उएनो भागाकडे जाते, नारिता एक्सप्रेस टोकियो स्टेशन आणि शिंजुकूकडे. तासभर तरी धरावा, शिंजुकूला जास्तच. दिवसा यात अवघड काहीच नाही. खरी मेख रात्री आहे. टोकियोतल्या लोकल आणि मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात त्या पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. रात्री अकराला नारिताला उतरलात आणि शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीचे वीस हजार येनांहून जास्त होतात, वर रात्री दहानंतरचा जादा आकार. येन हल्ली अर्ध्या रुपयाहून थोडा वर असतो, हिशेब तुम्हीच करा. स्वस्तातलं रात्री पोहोचणारं तिकीट असं महाग पडतं.

सोमवारी सकाळी बैठक असेल तर रविवारी सकाळी उतरा. टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथले सकाळचे नऊ हे तुमच्या शरीराचे पहाटेचे साडेपाच. आदल्या रात्री अकराला आडवे झालात तरी शरीर म्हणणार, आत्ता कुठे साडेसात वाजलेत. निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस तासभर लवकर झोपून लवकर उठलात तर फरक पडतो. ते जमलं नाही तर निदान रविवारी दुपारी हॉटेलात ताणून देऊ नका. तसंही खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीननंतरच मिळते. सामान काउंटरवर ठेवून घेतात, तेव्हा पाय मोकळे करायला बाहेर पडणं भागच असतं.

त्या मोकळ्या वेळात एक काम न चुकता करायचं: सोमवारच्या बैठकीच्या जागेपर्यंत एकदा जाऊन यायचं. ही रंगीत तालीम चैन वाटेल, पण टोकियोचे पत्ते आपल्या सवयीचे नाहीत. बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता म्हणजे विभाग, त्यातला 'चोमे' नावाचा उपविभाग, त्यातला गाळा आणि गाळ्यातल्या इमारतीचा क्रमांक, आणि शेजारशेजारच्या इमारतींचे क्रमांक ओळीने असतीलच असं नाही. तिथली माणसं पत्ता सांगताना स्टेशनचं नाव आणि बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक सांगतात. हा क्रमांक फार महत्त्वाचा. शिंजुकू हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन मानलं जातं आणि त्याला दोनशेहून अधिक दारं आहेत. चुकीच्या दाराने वर आलात तर समोरची इमारत गाठायला वीस मिनिटं लागू शकतात, काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणून यजमानांना मेलमध्ये पत्त्यासोबत 'कोणतं स्टेशन, कोणती लाइन, कोणतं दार' हे विचारून घ्या. हा प्रश्न विचारणारा पाहुणा त्यांना आवडतो.

हॉटेलही याच हिशेबाने निवडा. बैठकीच्या जागेपर्यंत गाडी न बदलता नेणाऱ्या लाइनवर, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. बिझनेस हॉटेलातली खोली इतकी लहान असते की मोठी सूटकेस उघडली तर पाय ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा केबिन बॅगेत मावेल तेवढंच न्या. टूथब्रश, चपला, रात्री घालायचे कपडे, पाणी उकळायची किटली हे बहुतेक ठिकाणी मिळतं. हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन जपानी लिपीत कागदावर छापून पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी संपली की हा कागदच कामाला येतो, टॅक्सीवाल्याला दाखवला की पुरतो. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, ओढायला जाऊ नका.

पैसे. भारतीय बँकांची कार्डं रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. परदेशातला वापर तुम्ही स्वतः ॲपमधून सुरू करायचा असतो. तो सुरू करा, मर्यादा ठरवा, आणि एकाऐवजी दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या. कार्ड चाललं तरी ओटीपी कुठे येणार? ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग सुरू हवं. स्वस्त इंटरनेटसाठी ई-सिम घ्या, जरूर घ्या, पण भारतातलं सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवून जाऊ नका. यूपीआय तर गृहीत धरूच नका. इथूनच वीस-तीस हजार येन रोख नेले तर पहिले दोन दिवस निर्धास्त जातात. नंतर लागले तर सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात. रोख लागते ती अनपेक्षित जागी: जुनं नूडल्सचं दुकान, देवळातली पेटी, आणि मुख्य म्हणजे रेल्वेचं कार्ड भरायचं यंत्र. सुइका किंवा पास्मो ही कार्डं २००० च्या दशकात आली आणि आता त्यांच्यावर गाडी, बस, कोनबिनी, पेयांची यंत्रं सगळं चालतं. विमानतळावर पर्यटकांसाठीचं वेलकम सुइका मिळतं, ते २८ दिवस चालतं. ते घेतलंत की तिकिटाच्या यंत्रापुढे भाड्याचा नकाशा वाचत उभं राहायला लागत नाही.

निघायच्या आधी 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर प्रवेशाचा आणि कस्टम्सचा फॉर्म भरून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. उतरल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे, त्यामुळे तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची आपली सवय इथे मोडा.

औषधांच्या बाबतीत मात्र जरा थांबून वाचा, कारण इथे चूक झाली तर ती विमानतळावरच कळते. जपानचे औषधांचे नियम कडक आहेत. ॲम्फेटामाइन वर्गातली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधंही बंद, आणि नाक चोंदण्यावरच्या काही गोळ्यांत हेच द्रव्य असतं. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, त्यावरही प्रमाणाची मर्यादा आहे. गुंगी आणणाऱ्या तीव्र वेदनाशामकांना आधी परवानगी लागते. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात काय आहे हे आपल्यालाच माहीत नसतं, म्हणून डबा उचलून बॅगेत टाकू नका. प्रत्येक पट्टीमागचा घटकांचा मजकूर वाचा आणि शंका असेल ते घरीच ठेवा. रोजच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मूळ पट्टीत, मुक्कामाला पुरून दोन-तीन दिवस जास्तीच्या, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून औषधांची मूळ रासायनिक नावं लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या कोणाला कळणार नाहीत. महिन्याभराहून जास्त साठा नेणाऱ्यांना वेगळी परवानगी काढावी लागते, पण तुमचा मुक्काम तेवढा नाही. प्रवास विमा काढाच. दवाखान्यात आधी पैसे भरा आणि मग विम्याकडून वसूल करा, असा प्रकार बऱ्याचदा असतो.

आता जेवण. मासे खाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, तुमच्यासाठी टोकियो स्वर्ग आहे. शाकाहारी माणसाची अडचण मात्र दिसत नाही अशा जागी असते. 'दाशी' नावाचं पाणी जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी आहे आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, टोफूवर ओतलेला सॉस, सगळीकडे ते असतं. वाडग्यात माशाचा तुकडा दिसत नाही म्हणून वाढणारा प्रामाणिकपणे 'यात मासा नाही' म्हणतो. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस' म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही, हे वाक्य जपानी लिपीत फोनवर ठेवा आणि दाखवा. कोनबिनीत केळी, दही, खारे दाणे, भाताचे त्रिकोणी 'ओनिगिरी' मिळतात. आंबट उमेबोशीचा किंवा कोंबु या समुद्री वनस्पतीचा ओनिगिरी त्यातल्या त्यात जवळचा, तरी पाकिटावरचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून वाचा. अंडं चालत असेल तर निम्मा प्रश्न मिटला. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं दुकान पूर्ण वनस्पतिजन्य रामेन देतं. गाडी बदलताना तिथे पोट भरून घेता येतं. देशी जेवणाची फारच आठवण झाली तर एदोगावा वॉर्डातलं निशि-कासाई गाठा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, वाणसामानाची दुकानं आहेत. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली मराठी योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

घरून काय न्यावं? तहानलाडू-भूकलाडूची आपली परंपरा इथे खरोखर उपयोगी आहे: खाकरे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा. खोलीत किटली असतेच. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, तपासणी कडक असते. भारतीय आंब्याला जपानने २००६ पासून दार उघडलं आहे, पण ते गरम वाफेची प्रक्रिया आणि तपासणी झालेल्या पेट्यांना. यजमानांसाठी बॅगेतून नेलेल्या देवगडच्या दोन डझन हापूसला तो न्याय लागू नाही.

यजमानांना भेट न्यायचीच असेल तर पुड्या सुट्या-सुट्या असलेली मिठाई किंवा सुका मेवा न्या. जपानी ऑफिसात आलेला खाऊ टेबलाटेबलावर एकेक वाटतात, त्यामुळे एक मोठा पेढ्यांचा पुडा त्यांना पेचात टाकतो. आणि व्हिजिटिंग कार्डं! ती तिथे ऐनवेळी मिळत नाहीत. निघायच्या आठवडाभर आधी छापायला टाका. दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची, घेतलेलं कार्ड वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवायचं, मागच्या खिशात कोंबायचं नाही. संध्याकाळी जेवायला नेतीलच. तुम्ही काय खात नाही, दारू घेता की नाही, हे तिथे टेबलावर न सांगता आठवडाभर आधी मेलने कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर यजमान ओशाळतात, आधी सांगितलं तर तुमच्यासाठी वेगळी जागा शोधून काढतात. टिप द्यायची नसते, कुठेच.

बारीकसारीक: वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त पिन बदलायचा अडॅप्टर लागतो. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकायची नाही. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत. १९९५ च्या मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर ते हटवले गेले, त्यामुळे बॅगेत एक रिकामी पिशवी असू द्या. हातरुमालही, कारण पुष्कळ स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. गाडीत फोनवर बोलत नाहीत. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहतात. कपड्यांचं म्हणाल तर जुलै-ऑगस्ट मुंबईसारखे दमट आणि उकाड्याचे, जानेवारी-फेब्रुवारीत रात्री पारा शून्याजवळ. भूकंपाचा इशारा सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी मोठ्याने वाजतो. तो वाजला तर बाहेर पळू नका, हॉटेलातले लोक सांगतील तसं करा. पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११९. चौकाचौकांत 'कोबान' नावाच्या छोट्या पोलीस चौक्या असतात आणि त्यांचं निम्मं काम रस्ता सांगण्याचं असतं, बिनधास्त विचारा.

फुजीचं काय? चार दिवसांत नाही. ढगांनी दर्शन दिलं नाही तर दिवस हातचा जातो. त्यापेक्षा एका संध्याकाळी काम संपल्यावर असाकुसाचं सेन्सो-जी देऊळ बघा, टोकियोतलं सर्वांत जुनं. समोरची दुकानं संध्याकाळी मिटतात आणि गर्दी ओसरते, पण आवार उघडं असतं आणि दिव्यांत देऊळ दिवसापेक्षा देखणं दिसतं. इतिहासाची ओढ असेल तर सुगिनामी वॉर्डातलं रेंकोजी देऊळ आहे, तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी ठेवल्या आहेत. दुसरे बोस, रासबिहारी, यांच्यामुळे शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानात १९२७ पासून भारतीय पद्धतीची करी मिळते. शाकाहाऱ्यांनी हुरळून जाऊ नये, ती कोंबडीची आहे.

परतीच्या दिवशी तिकिटावरचा विमानतळ पुन्हा वाचा. येताना हानेदा आणि जाताना नारिता असा प्रकार बऱ्याच तिकिटांवर असतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ लोकलमध्ये बॅग घेऊन शिरणं म्हणजे डोंबिवलीहून आठच्या फास्टमध्ये बिऱ्हाड घेऊन चढणं, तेव्हा त्याआधी तरी निघा नाहीतर दहानंतर. वेलकम सुइकावर उरलेले पैसे परत मिळत नाहीत, ते विमानतळावरच्या कोनबिनीत खर्चून टाका. नाण्यांचंही तसंच. पाचशे येनाचं एक नाणं म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास, आणि आपल्याकडे नोटा बदलून मिळतात, नाणी नाहीत. आधी सगळी नाणी काउंटरवर मोजून द्या, कमी पडेल तेवढं कार्डाने.